मुठीच्या धान्याचं पोतं

धुळ्याला असताना दर गुरुवारी दुपारी आमची बायकांची सभा भरायची. चर्चच्या मागच्या खोलीत, सतरंजीवर. पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांची बायको, शास्त्राचा एक भाग वाचायची आणि मग आम्ही त्यावर बोलायचं असं ठरलेलं होतं. बोलायचं कोणी नाही. नळावर एकमेकींना पाणी भरू न देणाऱ्या बायका तिथं पदर डोक्यावर घेऊन मुक्या बसायच्या. मला एका जागी बसवत नाही. बसलं की पायात मुंग्या चालतात. तेव्हाही चालायच्या, आता म्हातारपणीही चालतात. म्हणून मी प्रश्न विचारायची. शिक्षण माझं चौथीपर्यंत. त्यामुळे विचारायला लाज वाटत नसे.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. पाऊस संपला होता. सभेत धडा चालला होता तुरुंगातल्या पत्राचा. आमच्या शास्त्रात प्रेषितांची पत्रं आहेत, त्यातलं हे एक. प्रेषित तुरुंगात आहे. लांबच्या एका गावातल्या मित्रमंडळींनी त्याच्यासाठी काही गोळा करून एका माणसाच्या हाती पाठवलं. तो माणूस पोचला आणि तिथंच आजारी पडला, मरता मरता वाचला. मग प्रेषितानं पत्र लिहून त्याच्याच हाती दिलं आणि त्याला परत पाठवलं. पत्र चांगलं लांब आहे. चार आठवडे चाललं होतं आमचं. आणि जे पाठवलं त्याचा विषय कधी निघतो, तर पार शेवटी. तिथंही सरळ आभार नाहीत. आनंद झाला म्हणतो. लगेच म्हणतो की मला गरज होती असं नाही, आहे त्यात भागवायला मी शिकलोय.

मी म्हटलं, “बाई, हा आभार मानतोय की नाही?”

पाळकीणबाई म्हणाली, “मानतोय ना. आपल्या पद्धतीनं.”

“माझ्या सुनेनं असे आभार मानले तर मी पुढच्या दिवाळीला तिला लुगडं घेणार नाही.”

कंपाउंडरची बायको, तिला आम्ही कंपाउंडरीणबाई म्हणायचो, जोरात हसली. मग पाळकसाहेबच दारात येऊन उभे राहिले. ते पुण्याकडे शिकून आलेले. म्हणाले, त्या काळी घेणं ही साधी गोष्ट नव्हती. मोठ्या माणसाकडून काही घेतलं की तुम्ही त्याचे झालात. त्यानं दिलं, तुम्ही घेतलं, आता त्याच्या मागंपुढं फिरा. म्हणून प्रेषित कोणाचं घेत नसे. तंबू शिवायचा आणि पोट भरायचा. दुसऱ्या एका श्रीमंत गावानं देऊ केलं तर नाही म्हणाला, त्यांना राग आला. फक्त या एका गावाचं त्यानं घेतलं.

“यांचंच का?” मी विचारलं.

“ते मित्र होते म्हणून,” पाळकसाहेब म्हणाले आणि गेले.

हे उत्तर मला पुरलं नाही. सभा संपून घरी आले, तवा ठेवला, तरी तेच डोक्यात. कारण मला असं एक माणूस माहीत होतं. कोणाचं न घेणारं.

माझा नवरा मिशनच्या दवाखान्यात वॉचमन होता आणि आम्ही दवाखान्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारच्या खोलीत दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर आणि त्याची बायको. ती माझ्यापेक्षा लहान, मला अक्का म्हणायची. आमच्या दोन खोल्यांत एकच भिंत होती आणि ती भिंतही पातळ. तिच्या घरी भांडण झालं की मला कळायचं आणि माझ्या घरी झालं की ती दुसऱ्या दिवशी काही न विचारता पीठ मळून द्यायची. उन्हाळ्यात पापड, कुरडया, बिबडे सगळं मिळून. एक दिवस तिच्या ओट्यावर, एक दिवस माझ्या.

तिची एक खोड होती. मी डब्यात काही भरून दिलं, वरणबट्टी असो की नुसती चटणी, की संध्याकाळच्या आत डबा परत. आणि रिकामा नाही. रिकामा तर कोणीच देत नाही आमच्याकडे, पण माणूस दोन दिवस लावतो, चार दिवस लावतो. हिच्या घरात दुसऱ्याचा डबा मुक्कामाला राहत नसे. घरात काही नसलं तर दोन लिंबं टाकून आणायची. एकदा तर नुसती कोथिंबीर. मी म्हणायची, “अगं, राहू दे उद्यापर्यंत, मी काय पोलीस पाठवणार आहे?” ती म्हणायची, “मला झोप लागत नाही, अक्का.”

तिचा नवरा गेला. पोटाचं दुखणं होतं. चाळिसाव्या दिवशी प्रार्थना ठेवली, तेव्हा सभेनं वर्गणी काढून तिला साडी घेतली. साडी हातात द्यायच्या आधी पाळकीणबाईनं कोणी काय दिलं ते नावानिशी वाचून दाखवलं, लग्नात आहेर पुकारतात तसं. पहिलं नाव कंपाउंडरीणबाईचं. ही हात जोडून उभी होती. वाचून होईपर्यंत हात जोडलेलेच.

पुढं हंगामाचा सण आला. त्या दिवशी ज्याच्याकडे जे पिकलं ते लोक चर्चमध्ये आणतात. कणसं, भोपळे, अंडी, कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. त्या ढिगात एका लाल भोपळ्यावर ती साडी होती. घडी मोडलेली नाही. पाळकसाहेबांनी ओळखली नाही. “नवी साडी, कोण घेतं?” म्हणून ते ओरडत राहिले. सगळ्या बायका खाली बघत होत्या. शेवटी पाळकीणबाईनंच बोली लावली आणि घरी नेली. नेसलेली मात्र मी कधी पाहिली नाही.

क्वार्टर नोकरीबरोबरचं, ते सोडावं लागलं. जळगावला डाळ मिलमध्ये निवडायचं काम मिळालं म्हणून ती निघून गेली. दोन वर्षांत नाताळचं एक कार्ड आलं. त्यावर सलाम आणि सही. मी जायला हवं होतं असं कोणी म्हणेल. जाऊन काय म्हणायचं? तिच्या दारात रिकाम्या हातानं उभी राहिले तर ती विचारणार, काय काम काढलं? आणि काही घेऊन उभी राहिले तर ती ते परत करणार. मी एसटी स्टँडवरून जाताना जळगावच्या पाटीकडे बघायची आणि पुढं भाजी बाजारात जायची.

तर ते तुरुंगातलं पत्र संपत आलं, तेव्हा कोणीतरी बातमी आणली की जळगावला तिचा हात मोडला आणि ती घरी बसून आहे. पाळकीणबाईच्या अंगात पत्र भिनलं होतं. म्हणाली, “त्या मंडळींनी पाठवलं, आपणही पाठवू या. मुठीचं धान्य पाठवू.”

आमच्याकडे मुठीची पद्धत होती. रोज स्वयंपाकाला धान्य घेताना एक मूठ बाजूला काढायची आणि देवासाठी ठेवलेल्या गाडग्यात टाकायची. ज्वारीची भाकरी असेल त्या दिवशी ज्वारी, भात असेल तर तांदूळ. ज्याची त्याची पुरचुंडी वेगळी बांधायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते चर्चच्या दारात द्यायचं. तिथं पाट्या मांडलेल्या असत. ज्वारी इकडे, बाजरी तिकडे, तांदूळ, डाळ निराळे.

त्या रविवारी पाट्या नव्हत्या. दारात एकच पोतं उघडं धरून पाळकीणबाई उभी. “आज वेगळं वेगळं नको,” ती म्हणाली. “आपण एक मंडळी आहोत. आपलं दान एक दिसलं पाहिजे.” आणि तिनं पहिली स्वतःची पुरचुंडी सोडून आत ओतली. गहू, वर तूरडाळ. मागून ज्वारी, मागून बाजरी, मागून तांदूळ, मूग. पाळकीणबाईचे डोळे भरून आले होते.

मी म्हटलं, “बाई, हे दळायचं कसं?”

“प्रेम आहे हो ते.”

“प्रेम चक्कीवाल्याला दाखवू का?”

तोपर्यंत पोतं अर्ध्याच्या वर भरलं होतं. मग ठरलं, न्यायचं मी. मी म्हटलं, मीच का? कंपाउंडरीणबाई म्हणाली, “आम्हाला ती दारात उभं करणार नाही. तुम्हाला निदान पाणी तरी विचारील.” ते खरं होतं. मी घरी जाऊन माझ्या स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी भरली. झाकणावर नवऱ्याचं नाव कोरलेला डबा, माझ्या संसारातला पहिला. ती चटणी कोणाची वर्गणी नव्हती.

बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, “मावशी, पोत्यात काय?”

“धान्य.”

“कसलं?”

“सगळं.”

“सगळं म्हणजे?”

“हात घालून बघ.”

त्यानं खरंच घातला. मूठ बाहेर काढून बघितली आणि म्हणाला, “कोंबड्या किती आहेत?” पुढं पारोळा, एरंडोल करत जळगाव येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

तिची खोली गावाबाहेर मिलच्या मागं होती. कुलूप होतं. हात मोडलेलं माणूस कुलूप लावून कुठं गेलं? मी पोत्यावर बसले. उठले. दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. ऊन उतरल्यावर ती आली. केसांवर, भुवयांवर डाळीची पिवळी धूळ. दोन्ही हात धड.

“अक्का? कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं. तुझा हात मोडला होता ना?”

“मुरगळला होता. आषाढात.” तिनं हात फिरवून दाखवला. “आत्ता आलीस होय?”

पाणी दिलं, चहा ठेवला. मग पोत्याकडे बघून विचारलं. मी सांगितलं, सभेनं पाठवलंय. तिचा चेहरा तिथंच मिटला. दोरी सोडून तिनं हात आत घातला, मूठभर काढलं आणि दारातल्या उजेडात नेलं. रागावली की ती अहिराणीवर यायची.

“हाई काय शे वं अक्का? बठ्ठं एकच पोतामा?”

“हो, सगळं एकाच पोत्यात. एकी आहे ती.”

“दिवसभर मी काय करते माहीत आहे ना? निवडते. खडे, काडी, कचरा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्याचं निवडते. आणि घरी यायचं तर तुमच्या सभेनं मला पोतंभर निवडण पाठवलंय?”

“मुद्दाम नाही केलं.”

“ते आणखी वाईट.” तिनं मूठ परत पोत्यात टाकली, एक दाणा खाली पडू दिला नाही, आणि दोरी आवळली. “उद्या जाताना घेऊन जा.”

“मी नाही नेणार. माझी कंबर गेली आणताना.”

“मग दारात ठेव. गाय खाईल.”

आत माझं डोकं चाललं होतं. पोतं परत नेलं तर सभेतल्या बायका साडी विसरल्या नव्हत्या, हेही विसरणार नाहीत. त्याचं मला फारसं नव्हतं. मला होतं ते वेगळंच. दोन वर्षांनी मला या दारात यायला एक निमित्त मिळालं होतं आणि ते मी अशा प्रकारे घालवणार होते. पोतं परत गेलं की मी पुन्हा कोणत्या तोंडानं येणार होते? पोतं टाकून गेले तरी तेच. तिच्या मनात मी सभेची माणूस होणार. चटणीचा डबा तिनं घेतला, वास घेतला, फळीवर ठेवला. मला वाटलं, चला. पण डब्याचं काय, तो उद्या सकाळी धुऊन, काहीतरी घालून माझ्या पिशवीत असणारच होता.

सकाळ झाली ती थंडी वाजून. हिवताप. दात वाजत होते आणि मी म्हणत होते, साडेआठची गाडी गाठते. ती म्हणाली, “गाठ. एरंडोलला उतरवून घेतील तुला, प्रेत म्हणून.” कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या. दोन गोधड्या टाकल्या. वरून पोतं ठेवतेस का म्हणून मी विचारलं, तर हसली नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं की ती मिलमध्ये जायची, दुपारच्या सुट्टीत धावत यायची, पेज पाजायची आणि परत जायची. पेज तिच्या डब्यातल्या तांदळाची. मी म्हटलं, “पोत्यातले वेच ना. आहेत त्यात.” ती म्हणाली, “तुझ्या पाळकीणबाईचे तांदूळ वेचत बसू? तू घे पेज.” डोळे उघडले की समोर कोपऱ्यात ते पोतं, दोरी आवळलेलं. तिनं माझ्या नवऱ्याला कार्ड टाकलं. उलट टपाली पाळकीणबाईचं कार्ड आलं की सभा माझ्यासाठी उपास-प्रार्थना करते आहे. म्हणजे धुळ्याला मी मरायला टेकले होते. मला भयंकर राग आला. उठून सांगावंसं वाटलं की मी जिवंत आहे, आणि उठता येईना.

तेव्हा मला पत्रातला तो माणूस आठवला, जो सामान घेऊन गेला आणि आजारी पडला. त्याच्याबद्दल लिहिलंय की तो तळमळत होता, कशासाठी, तर आपण आजारी असल्याचं गावाला कळलं म्हणून. सभेत मला हे विचित्र वाटलं होतं. आजारी माणसानं आजाराची काळजी करावी, गावाला कळल्याची कशाला? आता कळलं. दुसऱ्याचं सामान पोचवायला गेलं आणि आपणच त्या घरात सामान होऊन पडलं की कसं होतं ते. कोणाचं न घेणारीला द्यायला गेले होते, आणि तिचंच खात पडले होते.

ताप उतरला तसे पायात मुंग्या सुरू झाल्या. चालायला ताकद नाही, बसायला मन नाही. मिलला सुट्टी होती त्या दिवशी ती पाणी भरायला गेली आणि मी सरकत सरकत पोत्यापाशी गेले, दोरी सोडली, ताटात धान्य घेतलं आणि निवडायला लागले. राग येवो तिला. मला हातांना काहीतरी हवं होतं.

ती हंडा घेऊन आली. दारातच थांबली.

“काय करतेस?”

“दिसत नाही?”

“अशी निवडशील तर नाताळपर्यंत इथंच राहशील.” तिनं हंडा ठेवला. “दाणा दाणा काय उचलतेस? आधी चाळायचं.”

“मला काय माहीत, मी मिलमध्ये नाही.”

“सरक.”

तिनं चाळणी घेतली. बाजरी खाली पडली, बाकीचं वर राहिलं. मग सूप. सुपात तिचे हात असे चालले की धान्य आपणहून बाजूला होत होतं. मी वरचं वेचायला घेतलं. माझ्या ओट्यावर बिबडे घालताना आम्ही अशाच बसायचो.

मग ती एकदम म्हणाली, “ही बाजरी कंपाउंडरीणबाईची.”

“कशावरून?”

“खडे बघ. तिच्या भावाचं शेत शिरपूरकडे. दरवर्षी खळ्यातली अर्धी माती पाठवतो बहिणीला. ती सांगत असते, भाऊ बाजरी पाठवतो, भाऊ बाजरी पाठवतो.” तिनं एक खडा उचलून माझ्यासमोर धरला. “हा भाऊ.”

मला हसू आलं. हसल्यावर खोकला आला. तिनं पाणी दिलं आणि पुढं चाललीच. हे तांदूळ कोणाचे, नुसती कणी, दवाखान्याच्या स्वयंपाकिणीचे. घरात बासमती असेल तरी मुठीला कणीच. हे मूग नर्सबाईचे, तिला पथ्य असतं. ही तूरडाळ पाळकीणबाईची, पाहुण्यांसाठी ठेवलेली. “मुठीतसुद्धा चांगलीच टाकते, ते मानलं पाहिजे,” ती म्हणाली. “अक्कल नसेल, पण हात सढळ आहे.”

“आणि ही दादर?” मी विचारलं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, मोत्यासारखी.

“ती तुझी.”

“कशावरून?”

तिनं ताटातून वाळलेल्या कडुनिंबाच्या पानाचा तुकडा उचलला. “इतका पाला दुसरं कोण घालतं कणगीत? तुझ्या घरची भाकरी पण कडू लागायची.”

“मग खायचीस कशाला?”

“तू द्यायचीस म्हणून.”

मी पाल्याचा आणखी एक तुकडा वेचून बाजूला ठेवला. सूप चाललं होतं. मग सूप थांबवून तिनं ज्वारीच्या ढिगात हात घातला आणि म्हणाली, “कोणाचं काय आहे ते कळतंय, अक्का. पण कोणाचं किती आहे ते नाही कळत.”

“हे आणि काय?”

“बघ ना. या ढिगात तुझी दादर किती नि दुसऱ्या कोणाची किती, सांग. नाही सांगता येणार. पाळकीणबाईला पण नाही. आता कोण वाचून दाखवील?” ती हात तसाच ढिगात ठेवून बसली होती. “साडी चांगली होती. रंग मला आवडला होता. पण नावं वाचत होती ना ती, तेव्हा मला वाटलं, आता हिच्याकडे बघून हसायचं, तिच्याकडे बघून हसायचं, आणि पहिल्या नावाकडे बघून जास्त हसायचं. जन्मभर.”

“पाळकीणबाईनं हे काही विचार करून केलं नाही. मूर्खपणा होता.”

“असू दे,” ती म्हणाली. “मूर्खपणानं झालं तरी झालं.”

त्या संध्याकाळी तिनं दादर दळून आणली आणि भाकरी केली. जरा कडू होती.

पोतं ठेवून घेतलं असं ती म्हणाली नाही, मी विचारलं नाही. मला वाटलं, खाल्लं म्हणजे ठेवलं. पण मन थाऱ्यावर नव्हतं. पाहुणीला जेवायला घालायला तिनं ते उघडलं असेल. मी गेल्यावर उरलेलं मिलच्या बायकांत वाटून टाकील, मोकळी होईल. तिला झोप लागली पाहिजे ना.

दोन दिवसांनी मला बसवून द्यायला ती स्टँडवर आली. हातात एक घडी केलेला कागद, भाताच्या शितानं चिकटवलेला, आणि फडक्यात बांधलेली जड पुरचुंडी. “दोन्ही सभेत द्यायचं. वाटेत उघडायचं नाही.” भाकरी वेगळ्या फडक्यात बांधून दिली. गाडी सुटेपर्यंत उभी राहिली नाही, पाळी होती मिलमध्ये.

कागद उघडायचा प्रयत्न मी केला. शीत पक्कं बसलं होतं. पारोळ्याला भाकरी खायला पिशवीत हात घातला आणि लक्षात आलं, डबा नाही. सगळी पिशवी मांडीवर ओतली. लुगडं, गोळ्या, फणी. डबा नाही. मी माझं भांडं कुठं विसरत नाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा नाही. आणि तिच्याकडून दुसऱ्याचा डबा राहणं तर शक्यच नाही. मग तापात मीच कुठं दिला का कोणाला? की घाईत स्टँडवरच राहिला? घरी पोचले, नवऱ्यानं विचारलं, बरी आहेस का, तर मी म्हटलं डबा गेला. तो म्हणाला, “म्हणजे बरी आहेस.”

गुरुवारी सभा. त्या दिवशी सगळ्या आल्या होत्या. मी मेले नाही हे बघायला आणि पोत्याचं काय झालं ते ऐकायला. पाळकीणबाईनं कागद उघडला आणि उभी राहून वाचायला लागली.

सभेतील सर्व बहिणींस सलाम. पोतं पोचलं. माझा हात पावसाळ्यातच बरा झाला, त्यामुळे गरज अशी नव्हती. काम आहे, पोटापुरतं मिळतं. तुम्हाला आठवण झाली, आनंद वाटला. धान्य निवडून, चाळून वेगळं केलं आहे. बाजरीतले खडे सोबत पाठवत आहे, ज्याचे त्यानं ओळखून न्यावेत.

पाळकीणबाई थांबली. कोणीतरी पुरचुंडी सोडली. सतरंजीवर खडे. चांगले ओंजळभर.

कंपाउंडरीणबाई म्हणाली, “आभार कुठं आहेत?”

“पुढं असतील,” पाळकीणबाई म्हणाली आणि कागद उलटा करून बघितला.

“गरज नव्हती म्हणते. आपण मूठ मूठ काढून पाठवलं, आणि ही खडे परत करते!”

“तुमच्याच बाजरीतले आहेत,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली. आता पेटणार असं वाटलं. मग तिनं एक खडा उचलला, बोटांत फिरवला आणि तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. “आमच्या भाऊचेच हो,” ती म्हणाली. “लाल माती बघा ना. मी त्याला इतक्या वेळा सांगितलं, मेल्या, खळं सारवत जा.” मग सगळ्याच हसल्या. पाळकीणबाई हसली नाही. ती अजून आभार शोधत होती.

मी म्हटलं, “बाई, त्या तुरुंगातल्यानं तरी कुठं मानले होते? त्याचं चार आठवडे वाचलंत. हिचं अर्धं पान आहे, वाचून टाका.”

ती वाचायला लागली. अक्काला हिवताप येऊन गेला. ती सांगणार नाही, पण दोन पायऱ्या चढली की थांबते. नाताळच्या साफसफाईला तिला लावू नका. तिला बसून राहायला सांगितलं तर ऐकणार नाही, म्हणून हातात काहीतरी निवडायला द्या. इतक्या दिवसांत तिच्यामुळे मला त्रास झाला असं तिला वाटतं. झाला. पण घरात माणूस होतं.

इथं पाळकीणबाईचा आवाज बारीक झाला. मी खिडकीकडे बघत होते. बाहेर कोणीतरी दवाखान्याची गाडी धूत होतं.

“शेवटी एक ओळ आहे,” ती म्हणाली. “अक्काचा स्टीलचा डबा माझ्याकडे आहे. विसरलेला नाही. मी ठेवून घेतला आहे.”

“बघा!” कंपाउंडरीणबाई म्हणाली. “पोतं घेतलं, आभार नाहीत, वर तुमचा डबापण ठेवून घेतला. मागून घ्या हो तो. चांगला जाड होता.”

मी उठले. बसवतच नव्हतं. खोलीच्या पायऱ्या उतरताना एकदा थांबावं लागलं, तेवढ्यात पाळकीणबाई मागून दारात आली.

“अहो, प्रार्थना व्हायचीय अजून. कुठं निघालात?”

“स्टँडवर,” मी म्हटलं. “जळगावच्या गाड्यांच्या वेळा बघून येते.”